ग्रँड केमनला जहाज थांबतं तेव्हा: मुलं, आजी-आजोबा आणि स्टिंगरे यांचा दिवस कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणारं सहा जणांचं कुटुंब एप्रिलमध्ये मायामीहून कॅरिबियन क्रूझला निघतंय. नवरा-बायको, ६ वर्षांचा मुलगा, ११ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सत्तरीतले आई-बाबा. आईंचा गुडघा दुखतो, पोहता फक्त मुलीला येतं, सगळे शाकाहारी. जहाज ग्रँड केमनला सकाळी ८ ते दुपारी ४ थांबणार आहे. स्टिंगरे (शेपटीवर काटा असलेले चपटे मासे), कासव केंद्र आणि सेव्हन माइल बीच, तिन्ही जमेल का? आणि सहल जहाजाकडून घ्यावी की बेटावरच्या बोटवाल्याकडून?

तिन्ही जमणार नाही. स्टिंगरे आणि थोडा वेळ किनारा, एवढं निवांत जमतं. कासव केंद्र सोडून द्या. बेटाच्या पश्चिम टोकाला, वेस्ट बेला, जाण्यायेण्यात आणि तिथे फिरण्यात दोन-अडीच तास जातात. शिवाय ते केंद्र १९६८ साली कासवं पाळून विकण्यासाठी सुरू झालं आणि तिथलं मांस आजही बेटावर खाल्लं जातं. सहा वर्षांच्या मुलाने तिथे प्रश्न विचारला तर काय सांगायचं, हे शाकाहारी घराने आधीच ठरवलेलं बरं.

दिवस आखताना ८ ते ४ हे आकडे धरू नका. ग्रँड केमनला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. धक्का बांधावा का यावर २०२५ मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. त्यामुळे जहाज जॉर्जटाउन या राजधानीसमोर उभं राहतं आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या लहान बोटींनी किनाऱ्यावर आणतात. बोटीतला वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा, खरा वेळ जातो तो रांगेत. जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना टोकन घेऊन थांबावं लागतं. आठला जहाज पोचलं तर स्वतंत्र निघालेलं कुटुंब नऊ-सव्वानऊला जमिनीवर येतं. परतीची शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते, नेमकी वेळ आदल्या रात्री मिळणाऱ्या जहाजाच्या पत्रकात छापलेली असते. शेवटच्या बोटीवर कधीच अवलंबून राहू नका, तिच्या आधीच्या तासाभरात उन्हात लांब रांग लागते. म्हणजे हातात उरतात साधारण पाच तास. आखणी या पाच तासांची करायची.

आता घड्याळ. इथे फसणारी कुटुंबं आळशी नसतात, फोनवर विश्वास ठेवणारी असतात. केमनमध्ये उन्हाळी वेळ पाळत नाहीत, वर्षभर तिथलं घड्याळ एकच राहतं. मायामीत मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे असतं. एप्रिलमध्ये जहाज मायामीच्या वेळेवरच राहिलं, तर जहाजावर दुपारचे २ वाजलेले असताना बेटावर १ वाजलेला असतो. फोन किनाऱ्यावर उतरताच स्थानिक नेटवर्क पकडतो आणि आपणहून तास मागे जातो. एक वाजलाय, अजून खूप वेळ आहे असं वाटतं आणि तिकडे टेंडरची रांग लागलेली असते. काही जहाजं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत, म्हणून पत्रकात ‘जहाजाची वेळ’ काय दिली आहे ते पाहा. दोन्ही फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा आणि एका मोठ्या माणसाच्या मनगटावर जहाजाच्या वेळेचं साधं घड्याळ असू द्या. बोटवाल्याने साडेनऊला या म्हटलं की लगेच विचारा, बेटाचे साडेनऊ की जहाजाचे? उत्तर लेखी घ्या.

सहल कुणाकडून, यावर माझं मत स्पष्ट आहे. या कुटुंबाने बेटावरची लहान बोट घ्यावी, शक्य असेल तर सहा जणांपुरती वेगळी. जहाजाच्या सहलीचे फायदे खरे आहेत. ती उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, टेंडरला आधी नंबर लागतो, आणि हवामानामुळे जहाज बेटावर गेलंच नाही तर पैसे आपोआप परत मिळतात. पण त्या बोटींवर साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त माणसं असतात. शिडीवरून एकेक जण उतरतो, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या बाईंनी घाई करायची नाही म्हटलं तरी मागे रांग ताटकळलेली असते. पोहता न येणाऱ्या पाच जणांकडे कुणी एकाने सतत बघत राहणं अशा गर्दीत होत नाही. लहान बोटीत कॅप्टन स्वतः पाण्यात उतरून हात देतो.

मात्र बोटवाल्याला पैसे देण्याआधी काही गोष्टी ईमेलने विचारा. जहाज आलंच नाही तर पूर्ण पैसे परत का? सँडबारवर, म्हणजे स्टिंगरे जमतात त्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर, लोकांना नेण्याचा सरकारी परवाना आहे का? तो परिसर वन्यजीव संपर्क क्षेत्र म्हणून राखलेला आहे आणि तिथे धंदा करायला परवाना लागतो. बोटीवर सावली आणि शौचालय आहे का? शिडी पाण्यात किती खोल जाते? दोनच पायऱ्यांची आखूड शिडी असेल तर खाली उतरणं सोपं, पण वर चढताना गुडघा छातीपर्यंत उचलावा लागतो आणि आई तिथेच अडकतात. आणि लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? अमेरिकेतली मुलांची जॅकेटं वजनावरून ठरतात: ३० ते ५० पौंड एक माप, ५० ते ९० पौंड दुसरं. सहा वर्षांचा मुलगा २० किलोच्या आसपास म्हणजे ४४ पौंडांचा, त्याला पहिलं माप लागतं. जॅकेट घालून सगळे बक्कल लावा आणि खांद्यावरच्या पट्ट्या धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात पडल्यावर मुलगा त्यातून खाली निसटतो. शंका असेल तर घरून स्वतःचं न्या.

टेंडरमध्ये चढताना बोट लाटेबरोबर वर-खाली होते. खलाशी दोन्ही बाजूंनी दंडाला धरतात आणि बोट वर आली की ‘आता’ म्हणतात, तेव्हाच पाय टाकायचा. त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत: सामान पाठीवर, काठी सोबतच्या मोठ्या माणसाच्या हातात, ओढणी घरी. आईंनी दुखरा पाय आधी टाकू नये, चांगला टाकावा. समुद्र खवळला असेल तर खलाशी वयस्कर माणसांना थांबवूही शकतात, त्यावर वाद घालून उपयोग नसतो. बसायला खालचा डेक आणि मागची बाजू निवडा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. भारतातून आणलेल्या ॲव्होमिनने झोप येते, हे आई-बाबांसाठी लक्षात ठेवा. मुलांचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या.

किनाऱ्यावर टेंडर कुठल्या टर्मिनलला लागेल हे त्या दिवशी ठरतं. बोटवाल्याने दिलेली भेटीची जागा टर्मिनलच्या नावासकट लिहून ठेवा. वारा वायव्येकडून जोरात असेल तर जहाज दक्षिण किनाऱ्यावर स्पॉट्सला जातं आणि टेंडर तिथे उतरवतात. हिवाळ्यात हे जास्त घडतं, एप्रिलमध्ये कमी. तसं झालं तर बोटवाल्याला लगेच कळवायचं असतं. जॉर्जटाउनला ठरलेली गाडी स्पॉट्सला आपोआप येत नाही.

रस्त्यावर आल्यावर मुलांना एक गोष्ट सांगा. केमनमध्ये गाड्या भारतासारख्या डाव्या बाजूने चालतात. आई-बाबांना इथे काही अडचण येत नाही, त्यांची नजर आधी उजवीकडेच जाते. न्यू जर्सीत वाढलेली मुलं मात्र सवयीने आधी डावीकडे बघून पाऊल टाकतात.

आता मुख्य गोष्ट, स्टिंगरे. नॉर्थ साउंड या उत्तरेकडच्या मोठ्या उथळ खाडीच्या तोंडाशी प्रवाळाची रांग आहे. मासेमार तिच्या आत शांत पाण्यात येऊन मासे आणि शंख साफ करायचे आणि टाकाऊ भाग पाण्यात फेकायचे. त्या वासाने सदर्न स्टिंगरे जमायला लागले. १९८०च्या दशकात डायव्हरांनी त्यांना हाताने भरवायला सुरुवात केली आणि आज बोटीचा आवाज आला की ते जवळ येतात. जागा दोन आहेत. ‘स्टिंगरे सिटी’ ही डायव्हरांची खोल जागा, आणि ‘सँडबार’ हा वाळूचा उथळ पट्टा. तुम्हाला सँडबार हवा. बुकिंग करताना हा शब्द लिहून घ्या, कारण जाहिरातीत दोन्हींना एकच नाव देतात.

सँडबारवर पाणी तीन ते चार फूट असतं. बाबांना ते कमरेपासून छातीपर्यंत, पण पावणेचार फूट उंचीच्या मुलाला गळ्यापासून थेट डोक्याच्या वरपर्यंत, आणि लाट आली की आणखी वर. म्हणून ‘उथळ आहे, उभं राहता येतं’ हे वाक्य फक्त मोठ्यांसाठी खरं आहे. मुलगा पूर्ण वेळ जॅकेटमध्ये आणि एका मोठ्या माणसाच्या हातात. त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत. फोटोची जबाबदारी दुसऱ्यावर टाका.

पाण्यात उतरताना चपला-बूट आणि फिन काढून ठेवावे लागतात. चालताना पाय उचलायचे नाहीत, तळवे वाळूवरून घसटत न्यायचे. स्टिंगरे वाळूत अंग पुरून बसतात आणि दिसत नाहीत. घसटणारा पाय कडेला लागला तर ते सरकून जातात. वरून पाय पडला तर शेपटी आपोआप वर फिरते आणि शेपटीवरचा करवतीसारखा काटा घोट्यात घुसतो. माणसांना होणाऱ्या जखमा बहुतेक अशाच होतात, रागाने केलेला हल्ला नसतो. मुलांकडून हे जहाजाच्या केबिनमध्ये गालिच्यावर करवून घ्या, पाण्यात घाबरल्यावर ती नाचायला लागतात.

अंगावर घासून जाणारा स्टिंगरे ओल्या मखमलीसारखा लागतो. तो मऊपणा त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थराचा आहे आणि तो थरच त्याचं जंतूंपासून रक्षण करतो. सनस्क्रीन लावलेल्या तळहातांनी चोळलं की तो निघतो. म्हणून हात लावायचा तर खालच्या बाजूने आणि पंखांच्या कडेला, बोटांनी न दाबता. शेपटीपासून लांब राहा. जनावर पाण्याबाहेर उचलायला कायद्याने मनाई आहे. फोटोसाठी कॅप्टन ते पाण्याच्या पृष्ठभागाशी धरतो, तेवढं पुरे. मादी मोठी असते, चार-पाच फूट रुंदीची मादी जवळ आली की लहान मूल दचकतं. आधी कॅप्टनला छोटा नर दाखवायला सांगा.

भरवायला स्क्विडचे तुकडे देतात. शाकाहारी घरातल्या मुलांना हातात धरायचं नसेल तर नाही म्हणता येतं, कुणी आग्रह करत नाही. धरणाऱ्याने तुकडा मुठीत घेऊन अंगठा आत दडवायचा. स्टिंगरेचं तोंड खालच्या बाजूला असतं, त्याला ते दिसत नाही. वासावर येऊन तो जोरात ओढतो आणि बाहेर राहिलेला अंगठाही आत खेचतो. चामडी फाटत नाही, पण लाल वळ उठतो आणि मूल पुन्हा पाण्यात जायला तयार होत नाही.

काटा लागलाच तर: पाण्यातून बाहेर, रक्त वाहत असेल तर दाबून धरा, आणि जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना उतरतात. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हाताने बघा, दुखणाऱ्या माणसाला भाजलेलं कळत नाही. खोल रुतलेला काटा ओढू नका. छातीला किंवा पोटाला लागलं तर थेट हॉस्पिटल. स्टिंगरेच्या काट्याने २००६ मध्ये दगावलेल्या, टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या स्टीव्ह आयर्विनची आठवण आजोबा नक्की काढतील. ती घटना ऑस्ट्रेलियातली, जात वेगळी आणि खूप मोठी, आणि काटा छातीत शिरला होता. सँडबारवर घोट्यांची काळजी घ्यायची असते.

कपड्यांबद्दल. सुती पंजाबी ड्रेस किंवा पायजमा पाण्यात जड होतो आणि शिडी चढताना पायात अडकतो. आईंना नायलॉन-लायक्राचे लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप घ्या, त्यात अंगही झाकलेलं राहतं. मुलांनाही तसेच टॉप घाला, मग सनस्क्रीन फक्त चेहरा, मान आणि उघड्या पायांना लागतं. झिंक ऑक्साइडचं घ्या आणि पाण्यात जाण्याआधी वीस मिनिटं लावा. पाण्यात वाकून बघणाऱ्या मुलांची मान आणि गुडघ्यांची मागची बाजू सगळ्यात जास्त भाजते.

सहलीत दुसरा थांबा बहुधा कोरल गार्डनचा असतो, म्हणजे स्नॉर्केलिंग: मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं प्रवाळ बघायचं. इथे मुलीने आणि लाइफ जॅकेट घातलेल्या एका पालकाने उतरावं, बाकीचे बोटीवर बसू द्या. मास्क बसतो का ते असं बघा: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली एक बट जरी अडकली तरी पाणी आत येतं. अकरा वर्षांच्या मुली पाणी शिरलं की घाबरतात ते बहुतेक केसांमुळे, म्हणून वेणी मागे घट्ट बांधा. वाफ धरू नये म्हणून बेबी शांपूचा थेंब आत फिरवून हलकंच विसळा. प्रवाळावर उभं राहायचं नाही, पाय दमले तर पाठीवर तरंगायचं.

तिसरा थांबा निवडता आला तर स्टारफिश पॉइंट घ्या. या कुटुंबाला मी स्नॉर्केलिंगपेक्षाही तो सुचवेन. गुडघाभर पाण्यात लाल-नारिंगी तारामासे वाळूवर पडलेले असतात, आजी-आजोबांनाही वाकून दिसतात. पाण्याबाहेर काढायचे नाहीत, ते श्वास पाण्यातच घेतात. शंखही उचलून आणू नका.

वेळ जहाजाच्या घड्याळाने साधारण अशी बसते. सव्वानऊला किनाऱ्यावर, पावणेदहाला नॉर्थ साउंडच्या मरीनावर, सव्वादहाला सँडबार, पाऊण तास तिथे, मग एक किंवा दोन थांबे, आणि एकच्या सुमाराला परत. त्यानंतर गाडीवाल्याला सेव्हन माइल बीचच्या सार्वजनिक भागात सोडायला सांगा, तिथे शौचालय आणि सावली मिळते. नावाप्रमाणे किनारा सात मैलांचा नाही, त्याहून कमीच आहे, पण तुम्हाला शंभर मीटर पुरतात. दोनला तिथून निघायचं, अडीचला टेंडरच्या रांगेत. त्या दिवशी किती जहाजं आहेत हे बंदर प्राधिकरणाच्या वेळापत्रकात आधी बघा. चार-पाच मोठी जहाजं असतील तर किनारा सोडा आणि बोटीवरून थेट टेंडरकडे या.

आईंना बोटीत जायचंच नसेल तर त्यांना एकट्या जहाजावर ठेवायची गरज नाही. टर्मिनलजवळच, चालत दोन-तीन मिनिटांवर, जुन्या न्यायालयाच्या इमारतीत राष्ट्रीय संग्रहालय आहे. बंदरातून काचेच्या तळघराची अर्धपाणबुडीही निघते, तिच्यात पायऱ्या उतरून बसायचं असतं आणि बुडालेल्या जहाजाचे अवशेष दिसतात. खरी पाणबुडी टाळा, तिच्यात उभ्या शिडीने उतरावं लागतं.

खाण्याचं. जहाजावरून फळं, सँडविच, दूध खाली नेऊ देत नाहीत, बंद पाकिटं चालतात. खाकरा, चिक्की, बिस्किटं घरूनच बांधून घ्या. बेटावर ‘राइस अँड बीन्स’ नारळाच्या दुधातला असतो, पण कधीकधी त्यात खारवलेलं मांस घालतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. भाजीची पॅटी मागितली तरी वरच्या पारीत प्राण्याची चरबी आहे का ते विचारा. तळलेलं पिकलं केळं निर्धास्त खा. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं, पिण्याजोगं आहे, बाटल्या भरून घ्या.

पैशांत गोंधळ होतो तो असा. मेन्यूवरचा डॉलर बहुतेक केमनचा असतो आणि तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे. दुकानात एक अमेरिकन डॉलर ८० केमन सेंटना धरतात. मेन्यूवर २० लिहिलं असेल तर तुमचे २५ गेले. सुटे केमनच्या चलनात परत मिळतात आणि जहाजावर ते कुणी घेत नाही, म्हणून लहान नोटा ठेवा किंवा कार्ड वापरा. कासवाच्या पाठीच्या वस्तू कितीही सुंदर दिसल्या तरी घेऊ नका, अमेरिकेत आणि भारतात दोन्हीकडे त्या जप्त होतात.

कागदपत्रांचं सगळ्यात आधी बघा, आज. जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं, म्हणजे आई-बाबांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. तुमच्यापैकी कुणी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि पासपोर्टमधला स्टँप संपला असेल, तर फक्त मेक्सिको-कॅनडाहून स्टँपशिवाय परत येण्याची सवलत केमनला लागू होत नाही, परतीचा प्रवेश अडू शकतो. तिकीट पक्कं करण्याआधी वकिलाला विचारा. भारतीय पासपोर्टवर प्रत्येक बंदराला काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा. किनाऱ्यावर जाताना प्रत्येकाचं जहाजाचं कार्ड, मोठ्यांचं फोटो ओळखपत्र, पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो, आणि पत्रकावर छापलेला बंदर एजंटचा नंबर जवळ असू द्या. नंबर कागदावर लिहिलेला, झिपच्या पिशवीत. ओल्या फोनमधून तो ऐनवेळी निघत नाही.